डाव्या अंगाची जागा

बेबाबाईला जिची किळस येत नाही अशी वस्तू अख्ख्या अमळनेर तालुक्यात शोधून सापडली नसती. दुसऱ्याच्या घरचं पाणी ती पीत नसे; माठात कोणाचा हात कुठवर बुडाला असेल, काय सांगावं? लग्नाच्या पंगतीत बसली तर आधी वाढप्याच्या नखांकडे बघायची आणि मग ताटाकडे. कोणी फारच आग्रह करून चहा पुढे केला तर कप हातात घ्यायची, गप्पा मारता मारता दोनदा ओठांपर्यंत न्यायची, आणि घरच्या बाईची पाठ फिरली रे फिरली की हळूच खाटेखाली सरकवायची. ही युक्ती तिनं चाळीस वर्षं वापरली. कोणाला कळत नाही असं तिला वाटायचं, आणि गावातल्या झाडून साऱ्या बायांना ते ठाऊक होतं. तिच्याच गावात तिच्याच साली नांदायला आलेली सुंदरबाई तर तोंडावर म्हणायची, की बेबा, तू मेलीस की तुझ्या तिरडीचे बांबू आधी धुवून घ्यावे लागतील.

वय चौसष्ट, अंगानं काटकुळी, नाक सरळ आणि सदा वर. नवरा मोतीलाल जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी रूपा लग्न होऊन सुरतेला. धुळे रस्त्याला लागून चार एकर रान, ते बटाईनं दिलेलं, आणि रानातच घर. घराच्या कुशीला पूर्वी बैलांचा गोठा होता. तिथे आता पांढऱ्याशुभ्र टाइल्स बसवलेली न्हाणी आणि धुण्याची ऐसपैस जागा होती. पाहुणा आला की बेबाबाई त्याला पाण्याआधी टाइल्स दाखवायची. त्यावर पाय ठेवण्याआधी पाय धुवावे लागत, म्हणजे पाय धुण्याच्या जागेत जाण्यासाठी पाय धुवायचे. तर अशी ही बाई.

आणि देवाला काय थट्टा सुचली बघा, हिच्या बांधाला बांध लागला तो रुपचंद आबांचा. आबा स्वतः साधा माणूस. पण रस्त्याकडच्या रानाचे प्लॉट पडले, हातात बक्कळ पैसा आला, आणि त्यांचा पोरगा पियुष एकाएकी मोठा झाला. पैसा आला की असल्यांना पहिलं काय सुचतं, तर रानात बंगली बांधून तिला फार्महाऊस म्हणणं. दुसरं काय, तर गावात कोणाकडे नाही असं जनावर आणणं. पियुषनं पंजाबातून दोन पिल्लं आणली. तिकडे हिमालयाच्या बर्फात मेंढरांचे कळप राखते, वाघाच्या अंगावर जाते, अशी ती जात म्हणे. एक नर, एक मादी. वर्षभरात वासराएवढी झाली. मान कसली, उशी होती ती. अंगावर वीतभर केस. जिथे मे महिन्यात माणसाला अंगावरचं बनियन नकोसं होतं, तिथे ही बिचारी घोंगडी पांघरून जन्माला आलेली. नराचं नाव ब्रुनो, मादीचं डेझी. बेबाबाईनं ती नावं कधी तोंडात घेतली नाहीत. तिच्या लेखी ती "रुपचंद आबांची घाण" होती.

ती घाण बांध ओलांडून तिच्याकडे यायची. भुंकणं यायचं, वास यायचा, आणि केस यायचे. चैत्रात तिनं गच्चीवर कुरडया घातल्या, तर संध्याकाळी दर दुसऱ्या कुरडईत एक तांबूस केस वळलेला. तिनं अख्खं वाळवण उकिरड्यावर नेऊन ओतलं आणि बांधावर उभी राहून पियुषच्या सात पिढ्या उद्धरल्या. पियुषनं मोबाईल काढून तिचंच शूटिंग केलं. गावातल्या पोरांनी ते दोन दिवस बघितलं, हसले, आणि बेबाबाईला तिसऱ्या दिवशी कळलं. ज्याला म्हाताऱ्या माणसाच्या रागातही तमाशा दिसतो, त्याची आणि किड्याची जात एक, असं ती सुंदरबाईला म्हणाली, आणि मग म्हणाली, नाही, किडा बरा.

कुत्र्यांचंही शूटिंगच व्हायचं. त्यांना गॉगल घाल, त्यांच्यापुढे केक काप. गेल्या वर्षी पियुषच्या वाढदिवसाला दोघांना मधे बसवून दोन्हीकडून फटाक्यांची उंच झाडं लावली. ठिणग्यांचं कारंजं नराच्या तोंडावर आलं. जनावर किंचाळून उलटं पडलं, सगळे खो खो हसले, आणि ते हसू हजारो लोकांनी बघितलं म्हणून पियुषनं आणखी एक पार्टी दिली. पुढे त्या कुत्र्याच्या तोंडाकडे कोणी पाहिलं नाही. बघायचं ते मोबाईलमधे बघून झालं होतं.

कुत्र्यांना धरून असा एकच माणूस होता, आबांचा सालदार, म्हणजे सालगडी, समाधान. पिंपळनेरकडचा, चाळिशीचा, अबोल. पियुष शूटिंग करून निघून गेला की भाकरी समाधान घालायचा, घाण समाधान काढायचा. पण खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं. आखाजीच्या दिवशी जुना सालदार गाठोडं उचलतो आणि नवा दारात येतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. यंदा आखाजीच्या आठ दिवस आधी पियुषचं लग्न लागलं. धुळ्याच्या देवपुरातल्या कामिनीशी. नवरा-नवरी काश्मीरला बर्फ बघायला गेली. आखाजीच्या सकाळी समाधाननं दोन्ही कुत्री शेडमधे बांधली, पाण्याचं घमेलं भरलं, आबांना राम राम घातला आणि पिंपळनेरची एसटी पकडली. ठरवलेला नवा सालदार आलाच नाही, तो दुसऱ्या कोणाकडे लागला. गावातल्या घरी बसलेल्या आबांना वाटलं नवा माणूस मळ्यात पोचला. पियुषला वाटलं आबा बघतील. बर्फात राहायची जनावरं पत्र्याच्या शेडमधे साखळीला, आणि त्यांचा मालक बर्फ बघतोय. याला काय म्हणावं?

तिसऱ्या दिवशी दुपारी वास एवढा सुटला की बेबाबाईचा घास तोंडात फिरेना. नाकाला पदर लावून ती भांडायला निघाली. बांध ओलांडून शेडपाशी गेली आणि भांडायला समोर माणूसच नाही. आत तीन दिवसांची विष्ठा, त्यातच पाय, त्यातच पोट. घमेलं कोरडं, उलटं पडलेलं. माश्या एवढ्या की कुत्र्यांचा रंग कळेना. दोघं एकमेकांना चिकटून उभी होती, आणि भुंकायला घसा उरला नव्हता. बेबाबाईला तिथेच ओकारी आली. ती ओकली, तोंड पुसलं, आणि शिव्या देत देत माघारी आली.

आता दुसरी एखादी बाई माघारी आली असती ती दार लावून बसली असती. पण बेबाबाईच्या किळसेचा स्वभावच वेगळा. घाण दिसली की तिला ती काढल्याशिवाय पाणी पचत नसे. ती बादल्या, खराटा आणि फिनेल घेऊन परत गेली. आधी पाणी पाजलं. मग आपल्या मोटारीचा पाइप बांधावरून ओढून नेला आणि शेड धुतली. मग एकेका कुत्र्याला धुतलं. "मेल्या, मुडदा बशिवला तुना," असं म्हणत धुतलं, पण धुतलं. त्या एवढाल्या जनावरांनी तिला हूं की चूं केलं नाही.

धुता धुताच तिला दोन गोष्टी कळल्या. नराच्या डाव्या डोळ्यावरचे केस बाजूला केले तर आतून पिवळा पू आला, आणि पुवाखाली बुबुळ पांढरंफटक. दुसरी गोष्ट अशी, की मादी त्याच्या डाव्या अंगाला उभी असायची. तिला पाइपानं हटवलं तरी गोल फिरून ती पुन्हा डावीकडेच यायची, खांद्याला खांदा लावायची. डावीकडून काहीही आलं की आधी तिला लागणार, मग त्याला. ती बाजूला झाली की नर जागच्या जागी थरथरायला लागायचा. बेबाबाईनं उकळून गार केलेल्या पाण्यानं त्याचा डोळा पुसला, पुसलेला कापूस दूर फेकला आणि साबणानं तीनदा हात धुतले. मग सहा दिवस, पियुष येईपर्यंत, सकाळ-संध्याकाळ हेच केलं. भाकरी थापायची, नेऊन टाकायची, पू पुसायचा, हात धुवायचे. आणि सबंध वेळ नाक मुरडलेलं.

पियुष आला तो सासऱ्यालाच घेऊन आला. सासरा भटूशेठ, देवपूरच्या बाहेर सिमेंट-सळईचं गोदाम. जावयाच्या दाराशी एवढं थोरलं कुत्रं बघून त्याला भुरळ पडली, आणि पियुषनं आखाजीची भेट म्हणून नर देऊन टाकला. एकच. गोदामाला एक पुरे, आणि मादी ठेवली तर पिल्लं होतील, असा त्याचा हिशेब. बेबाबाई बांधावर उभी होती. तिला माहीत होतं. त्या तिथे जमलेल्या चार माणसांत फक्त तिला एकटीला माहीत होतं, की ते जनावर अर्धं आंधळं आहे आणि त्याचा अर्धा डोळा ही मादी आहे. सांगायला एक वाक्य लागलं असतं. ते तिनं सांगितलं नाही. नराला टेम्पोत कोंबलं, तो मान फिरवून फिरवून डावीकडे हुंगत राहिला, मादीनं साखळीला असे हिसके दिले की खांब हलला, आणि बेबाबाईच्या मनात काय आलं असेल? निम्मा वास गेला, हे आलं. खोटं कशाला सांगा.

पहिल्या दिवशी तिनं सबंध घर धुतलं. दुसऱ्या दिवशी बांधावरून सहज बघितलं. मादीपुढे भाकरी तशीच पडलेली. पियुषनं घातली होती, म्हणजे फेकली होती, आणि तो गेला होता. मादी उभी होती. बसत नव्हती. आणि उभी होती ती शेडच्या डाव्या अर्ध्यात, भिंतीला अंग लावून; उजवीकडे एका कुत्र्याची जागा मोकळी. मधे रेघ आखलेली असावी तशी ती त्या जागेत पाय टाकत नव्हती.

बेबाबाई मट्‌कन बांधावर बसली. ही मोकळी जागा तिनं आधी एकदा बघितली होती.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दारात मोऱ्या आणि चांद्या नावाची बैलजोडी होती. मोतीलालनं गोऱ्हे असल्यापासून वाढवलेली. मोऱ्या जुवाला उजवीकडे, चांद्या डावीकडे. नऊ वर्षांत बाजू कधी बदलली नाही. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, की बैलाची बाजू ठरली की ठरली. उजव्याचा डावा होत नाही, आणि जोड विकायची तर जोडीनं विकायची. पण भाड्याचा ट्रॅक्टर आला, आणि रूपाचं लग्न होऊन जावयाची पहिली आखाजी आली. बेबाबाईच्या डोक्यात एकच किडा. सुरतेचा जावई, आणि घराला लागून शेणमुताचा गोठा! जावई येण्याआधी तिथे टाइल्सची न्हाणी हवी. मोतीलाल म्हणत होता की आखाजी उलटू दे, पारोळ्याचा एक जण जोडी नेणार आहे. तिनं ऐकलं नाही. जेवण बंद केलं, बोलणं बंद केलं. शेवटी दोन वेगळी गिऱ्हाइकं आली, एक चांद्याला घेऊन पूर्वेला गेला, एक मोऱ्याला घेऊन पश्चिमेला. मोतीलाल त्या दिवशी रानातून घरी आला नाही. गवंडी मात्र दुसऱ्या दिवशी हजर झाला.

आणि नवव्या दिवशी दुपारी मोऱ्या परत आला. तुटलेलं दावं गळ्यात, पाय सुजलेले. मोतीलाल अमळनेरला गेला होता, गवंडी जेवायला गेला होता, आणि गोठ्याच्या जागी ओला कोबा चमकत होता. मोऱ्या थेट त्या कोब्यावर चढला. उजव्या अर्ध्यात, आपल्या जागी जाऊन उभा राहिला, आणि डावीकडची मोकळी जागा हुंगायला लागला. बेबाबाईनं काय केलं? तिला दिसला तो चिखलाचा पाय आणि नासलेला कोबा. तिनं झाडू घेतला आणि त्याला मारत मारत रस्त्याला लावला. तो दोनदा वळला, दोनदा तिनं हाणलं. गवंडी येऊन म्हणाला, अक्का, बाकीचं लिंपलं, खुराचा एक ठसा राहिलाय, पण टाइल्सखाली झाकला जाईल. झाकला गेला. मोतीलालला तिनं सांगितलं नाही. पुढे कोणाकडून तरी उडत उडत कळलं, की मोऱ्या नव्या मालकाकडे जुवाला मान देईना, म्हणून त्यानं तो बाजारात दाखवला. बैल बसला की तो बाजारात दाखवणं म्हणजे काय, हे इथे सगळ्यांना कळतं. तरी मोतीलाल मरेपर्यंत, तीन वर्षं, दर बाजारी बैलांच्या रांगेतून हिंडायचा आणि घरी येऊन म्हणायचा, बरे असतील दोघं. बेबाबाई ताट वाढायची. जगाच्या घाणीला नाक मुरडणारी ही बाई बारा वर्षं त्या टाइल्सवर अंघोळ करत होती.

तर ती बांधावर बसली होती, आणि तिला पहिल्यांदाच अशी किळस आली होती जी धुवून निघण्यातली नव्हती.

सहाव्या दिवशी रुपचंद आबा काठी टेकत बांधापाशी आले. त्यांनी सांगितलं ते असं, की ब्रुनोनं गोदामावरच्या हमालाचा हात फोडला, त्याआधी वॉचमनला धरलं. भटूशेठ म्हणतो कुत्रं पिसाळलं, उद्या सुई देऊन संपवतो. पियुष म्हणाला, द्या. त्याचं नवं काहीतरी चाललं होतं, घोडा आणायचं. बेबाबाईनं विचारलं, की आबा, तुम्ही बैल राखलेला माणूस, जोड फोडताना तुम्हाला कळलं नाही? आबा म्हणाले, कळलं, पण माझं कोण ऐकतं. म्हाताऱ्या माणसानं पोरापुढे एवढं मऊ व्हावं, याचाही तिला वीट आला. पण बोलायला तोंड कुठे होतं? तिचं तर कोणीही ऐकलं असतं, आणि ती गप्प बसली होती. तिनं आबांना एवढंच विचारलं, की मी मादी घेऊन जाते, चालेल? आबांनी स्वतःच्या हातानं साखळी सोडली.

गावातल्या किरणचा टेम्पो रोज भाजी घेऊन धुळ्याला जातो. बेबाबाईनं त्याला थांबवलं. मादी काही केल्या चढेना. शेवटी बेबाबाईच मागच्या हौद्यात चढून वांग्यांच्या पोत्यावर बसली, तेव्हा ती चढली. चाळीस किलोमीटर. वैशाखाचं ऊन, वांग्यांचा वास, आणि त्या मादीचं डोकं हिच्या मांडीवर. लाळ लुगड्यातून आत झिरपत होती, केस तोंडात जात होते, आणि खड्डा आला की दोघींची डोकी आपटत होती. किरणनं अर्ध्या वाटेत मान काढून विचारलं की अक्का, ठीक ना? अक्कांनी त्याला पुढे बघायला सांगितलं. पांझरा नदीचा पूल आणि देवपूर ओलांडून टेम्पो गोदामापाशी थांबला.

गोदामाच्या फाटकात, सळयांच्या ढिगाला नर साखळीनं बांधला होता. डोळ्यातला पू वाळून गालापर्यंत खपली झालेली. त्याची डावी बाजू नेमकी रस्त्याकडे, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या आंधळ्या अंगानं. पाऊल वाजलं की तो हवेत झेपावत होता, साखळी गळ्यात रुतत होती. भटूशेठ खुर्ची टाकून लांब बसला होता. चार हमाल दांडकी घेऊन उभे, आणि एक जण शूटिंग करत होता. तोही असायचाच.

बेबाबाईनं कोणाला विचारलं नाही. हौद्याचं फळकं खाली टाकलं आणि मादीची साखळी सोडून दिली. हमाल मागे पळाले. मादी धावली नाही. हुंगत हुंगत गेली, त्याच्या समोरून वळसा घेतला आणि डाव्या अंगाला जाऊन खांद्याला खांदा लावून उभी राहिली. नराची झेप अर्ध्यावर थांबली. त्यानं नाक तिच्या मानेत खुपसलं, आणि एवढं मोठं जनावर मुतलं, तिथेच, उभ्या उभ्या. मग खाली बसलं. बेबाबाई उजवीकडून गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आता गंमत बघा. भटूशेठ उठला, जवळ आला, आणि त्याचा चेहरा पालटला. वा, म्हणाला, हे तर शांत झालं. मग असं करा, दोन्ही इथेच राहू द्या, गोदामाला शोभा येईल. पाच मिनिटांपूर्वी सुई देणारा हा माणूस! बेबाबाईला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. पण भांडून शेठलोकांपुढे टिकाव लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं आपल्याजवळचं होतं ते हत्यार काढलं. कनवटीचा कापूस काढला, नराच्या डाव्या डोळ्यावरची खपली ओली करून उचलली, आणि आतला पू बोटावर घेऊन ते बोट भटूशेठच्या नाकासमोर धरलं.

"हाऊ डावा डोयानी आंधया शे. ती त्यानी डावी बाजू शे. हाई रोज दोन टाइम पुसनं पडस. ल्या, पुसा आते."

वास त्याच्यापर्यंत पोचला. भटूशेठनं रुमाल तोंडाला लावला, दोन पावलं मागे गेला, आणि त्याला उमासा आला. हमालांपैकी एकानं तोंड फिरवलं. शूटिंग करणाऱ्यानंही मोबाईल खाली केला.

"न्या बाई, न्या," भटूशेठ रुमालातून म्हणाला. "दोन्ही न्या, लवकर न्या."

येताना ती हौद्यात दोघांच्या मधे बसली नाही. मधे बसायला जागाच नव्हती.

गावानं दोन दिवस कौतुक केलं आणि तिसऱ्या दिवसापासून नाकाला पदर लावला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळा गेलाच आहे, पण औषध घातलं तर पू थांबेल. तो हळूहळू थांबला. वास मात्र थांबला नाही. लुगड्याला केस, उंबऱ्यावर केस, देव्हाऱ्यात एकदा केस. बेबाबाई सकाळी उठली की पहिली शिवी त्यांना घालायची आणि पहिली भाकरीही. कुत्र्यांना दुपारी गारवा लागायचा, आणि घरात गार जागा एकच, ती टाइल्सची न्हाणी. पण ओल्या टाइल्सवर त्यांचे पाय टिकेनात. मादी कशीबशी सावरायची. नर डाव्या अंगावर दाणकन पडायचा, आणि पडला की घाबरून तिथेच पडून राहायचा. तिसऱ्यांदा पडला त्या संध्याकाळी तिनं गवंड्याला निरोप धाडला.

टाइल्स फुटल्याचा आवाज ऐकून सुंदरबाई आली. तिला विश्वासच बसेना. बाई, या टाइल्सपायी तू मोतीलालभाऊंशी बोलणं टाकलं होतंस, आणि आता कुत्र्यांसाठी फोडतेस, असं म्हणत ती ओट्यावरच्या खाटेवर बसली. बेबाबाईनं चहा आणून दिला. सुंदरबाईनं कप घेतला, दोनदा ओठांपर्यंत नेला. बेबाबाई गवंड्याकडे बघायला वळली, आणि मागे पुन्हा बघते तर कप खाटेखाली. त्यात एक तांबूस केस तरंगत होता. बेबाबाईला हसू आलं, आणि आलं तसं गेलं.

कारण गवंड्यानं उजव्या अर्ध्यातली एक टाइल उचलली, तिच्याखालचा सिमेंटचा थर कोब्यापासून सुटला, आणि थराच्या पोटाला एक मूठभर गोळा चिकटून वर आला. गवंड्यानं तो उलटा करून बघितला. मधे चीर असलेला, दोन बोटांचा, बैलाच्या खुराएवढा आणि खुरासारखाच. खाली कोब्यात त्याचा खड्डा. गवंडी बाजूला टाकणार होता. बेबाबाईनं तो हातात मागून घेतला.

"हाई काय शे वं, बेबा?" सुंदरबाईनं विचारलं.

बेबाबाईनं गोळ्यावरची माती पदरानं पुसली. बारा वर्षांत हे वाक्य तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पोरीला सांगितलं नव्हतं, देवालाही सांगितलं नव्हतं.

"मोऱ्या परत उना व्हता," ती म्हणाली. "मी त्याले झाडू मारी मारी हाकली दिधा."

आधी सुंदरबाईला कळलं नाही, मग कळलं. मोतीलाल दर बाजारी बैलांच्या रांगेत हिंडायचा, ते सुंदरबाईच्या नवऱ्यानं पाहिलं होतं, साऱ्या गावानं पाहिलं होतं. तिचं नाक हळूहळू आक्रसलं, ओठ वाकडा झाला, आणि ती खाटेवर वीतभर लांब सरकली. तो चेहरा बेबाबाईच्या चांगल्या ओळखीचा होता. चाळीस वर्षं ती तोच चेहरा घालून गावभर हिंडली होती. नाकावरचा पदर सुंदरबाईनं मघाशीच काढला होता. कुत्री दोन हातांवर बसली होती, आणि ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

सुंदरबाई उठून गेली. जाताना येते म्हणाली नाही. बेबाबाईनं खाटेखालचा कप ओढला, बोटानं केस काढला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. मग गवंड्याला सांगितलं की तो खड्डा भरू नको, बाकीचं खरबरीत कर. संध्याकाळी धुतलेला कोबा वाळल्यावर दोघं आत आली. मादी डावीकडे बसली, नर उजवीकडे, त्या खड्ड्याला पोट लावून. बेबाबाईनं कापूस आणि औषध आणलं, नाक मुरडलं आणि त्याचा डोळा पुसायला बसली.